गुडघ्याची शस्त्रक्रिया : करावी, थांबावे की टाळावी?



वार्षिक अहवालातील ही पाने आम्ही जमाखर्चासाठी नव्हे, तर आरोग्यशिक्षणासाठी राखून ठेवतो. या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय निवडला, त्यामागे एक प्रसंग आहे. आमच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी गरजू रुग्णांच्या गुडघेरोपणासाठी मोठ्या मनाने रक्कम दिली होती. काही महिन्यांनी ते हिशेब पाहावयास आले, तेव्हा निधीतील बराच भाग शिल्लक होता. त्यांना आश्चर्य वाटले. "बाहेर बाकावर एवढे रुग्ण गुडघे धरून बसले आहेत, आणि पैसे पडून कसे?" असे त्यांनी विचारले. त्यांच्याच ओळखीतून आलेल्या काही रुग्णांना आम्ही शस्त्रक्रियेविना परत पाठविले होते, हेही त्यांच्या कानावर गेले होते.

त्यांचा प्रश्न रास्त होता. दान देणाऱ्यास, विश्वस्तांस आणि रुग्णाच्या घरच्यांस त्याचे उत्तर मिळावयास हवे. ते देण्यासाठी गुडघा म्हणजे काय, त्यावर कोणकोणत्या शस्त्रक्रिया होतात आणि त्या करण्याचा निर्णय कसा घ्यावा, हे क्रमाने सांगणे आवश्यक आहे.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि पुढची वाटी या तिघांच्या भेटीतून गुडघ्याचा सांधा तयार होतो. हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने मढविलेली असतात. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. सांध्यातील द्राव वंगणाचे काम करतो, अस्थिबंध सांध्याला सैल पडू देत नाहीत आणि मांडीचे स्नायू त्याचा भार उचलतात. यापैकी एकाचे काम बिघडले की दुसऱ्यावर ताण येतो.

वाढत्या वयात, वजन वाढल्याने, जुन्या दुखापतीमुळे किंवा घराण्यातील प्रवृत्तीमुळे कूर्चा पातळ होते, हाडांच्या कडांना टोके फुटतात आणि सांध्याच्या अस्तराला सूज येते. यालाच आपण झिजेचा संधिवात म्हणतो. आपल्याकडे बहुधा गुडघ्याची आतील बाजू आधी झिजते, त्यामुळे पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात. आमवात हा याहून वेगळा आजार आहे. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यावर उलटते आणि त्याचे औषधोपचारही वेगळे असतात. म्हणून सकाळी तासाहून अधिक काळ सांधे आखडत असतील किंवा बोटांचे, मनगटांचे सांधेही सुजत असतील, तर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी आमवाताची तपासणी करून घ्यावी.

एक्स-रे आणि वेदना

रुग्णाचे नातेवाईक आमच्यापुढे प्रथम एक्स-रेचा लिफाफा ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, कितवी पायरी आहे?" केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ मध्ये एक्स-रेवरून झीज मोजण्याची शून्य ते चार अशी श्रेणी मांडली. ती आजही वापरली जाते. चौथी श्रेणी म्हणजे सांध्यातील फट जवळजवळ नाहीशी होणे.

परंतु ही श्रेणी हाडांची आहे, वेदनेची नव्हे. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोज बाजारात जाणारी माणसे आम्ही पाहतो. दुसऱ्या श्रेणीत असूनही रात्र जागून काढणारेही पाहतो. शिवाय गुडघ्यात जाणवणारी वेदना प्रत्येक वेळी गुडघ्याचीच असते असे नाही. खुब्याचा सांधा झिजला असता कित्येकदा गुडघाच दुखतो, आणि कमरेतील नस दाबली गेल्यास कळ मांडीवरून गुडघ्याकडे उतरते. म्हणूनच आमच्याकडे गुडघा तपासताना खुबा आणि कंबरही तपासतात. एक्स-रे उभे राहून काढलेला असावा; झोपून काढलेल्या चित्रात झिजलेली फटही पुरेशी दिसू शकते.

शस्त्रक्रियेआधीची पायरी

झीज झाली म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, हा समज दूर व्हावयास हवा. चार साध्या गोष्टी पुष्कळांना पुष्कळ काळ पुरतात.

पहिली गोष्ट वजन. अमेरिकेतील एका अभ्यासात २००५ मध्ये असे दिसले की, वजन जेवढे घटते त्याच्या सुमारे चौपट भार प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरून उतरतो. पाच किलो वजन कमी झाले, तर प्रत्येक पावलाला सुमारे वीस किलोंचा दिलासा मिळतो.

दुसरी गोष्ट मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. पाय सरळ ठेवून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाचपर्यंत मोजावे आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ उचलून धरणे हा दुसरा व्यायाम. गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. आठ दिवसांत सोडून देणाऱ्यास "व्यायामाने काही झाले नाही" असे म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट राहणीतील बदल : जमिनीऐवजी खुर्ची किंवा चौरंग, उकिडव्या संडासाऐवजी कमोड, ओट्याजवळ उंच स्टूल, आणि चालताना दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी. काठी घेण्याचा संकोच आपल्याकडे फार आहे. तिच्यामुळे गुडघ्यावरचा भार निश्चित कमी होतो, हे घरच्यांनी समजावून सांगावे.

चौथी गोष्ट औषधे. सूज उतरविणारे मलम पुष्कळांना पुरेसे होते. वेदनाशामक गोळ्या मात्र दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेणे धोक्याचे आहे. त्यांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांना हा धोका अधिक. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन यांच्या गोळ्यांची जाहिरात पुष्कळ होते; पण अमेरिकेत सुमारे १,५८० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एकंदर रुग्णांना त्यांचा साध्या खडूच्या गोळीहून विशेष लाभ झालेला आढळला नाही. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. ते वारंवार घेऊ नये. दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिले असता वेदनेत फरक पडला नाही, उलट कूर्चा अधिक झिजली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले. पुढे सांधेरोपण करावयाचे असेल, तर इंजेक्शननंतर किमान तीन महिने थांबतात, कारण तोवर जंतुसंसर्गाचा धोका वाढलेला असतो.

शस्त्रक्रियांचे प्रकार

"गुडघ्याचे ऑपरेशन" या दोन शब्दांत निरनिराळ्या चार-पाच गोष्टी मिसळल्या जातात. त्या वेगवेगळ्या करून पाहू.

१. दुर्बिणीची शस्त्रक्रिया. लहान छिद्रांतून दुर्बीण घालून सांधा धुणे किंवा फाटलेल्या गादीचा भाग काढणे. तरुण खेळाडूची गादी अचानक फाटून गुडघा अडकून बसला असेल किंवा अस्थिबंध तुटला असेल, तर हिचा उपयोग मोठा आहे. वयपरत्वे झिजलेल्या गुडघ्यात मात्र तो होत नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर झालेली एक चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत काहींवर खरी शस्त्रक्रिया केली होती आणि काहींना केवळ त्वचेवर छेद दिले होते. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. फिनलंडमधील २०१३ च्या चाचणीतही, संधिवात नसलेल्या पण झिजेने गादी फाटलेल्या रुग्णांत, हेच दिसले. त्यामुळे साठीपुढील रुग्णास "दुर्बिणीने गुडघा साफ करून घ्या" असा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत अवश्य घ्यावे.

२. हाडाची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया. पाय बाहेर वाकलेला आहे, झीज केवळ आतील बाजूची आहे आणि रुग्ण तुलनेने तरुण व कष्टाचे काम करणारा आहे, अशा वेळी नडगीचे हाड गुडघ्याखाली छेदून त्याची दिशा सरळ करतात आणि धातूच्या पट्टीने स्थिर करतात. भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर जातो. रुग्णाचा स्वतःचा सांधा टिकतो, शेतीकाम करता येते आणि पुढे गरज पडल्यास सांधेरोपणाचा मार्ग खुला राहतो. हाड जुळून येईपर्यंत काही महिने धीर धरावा लागतो.

३. अर्धे गुडघेरोपण. झीज एकाच बाजूची असेल आणि अस्थिबंध शाबूत असतील, तर तेवढाच भाग बदलतात. जखम लहान असते, रुग्ण लवकर उभा राहतो आणि गुडघा अधिक स्वाभाविक वाटतो. मात्र पुढे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता पूर्ण रोपणाहून अधिक असते.

४. पूर्ण गुडघेरोपण. "गुडघा कापून नवा बसवितात" या समजुतीने पुष्कळजण घाबरतात. प्रत्यक्षात हाडांच्या टोकांवरील झिजलेला पातळ थर काढून त्यावर धातूचे आवरण बसवितात आणि मध्ये विशिष्ट प्लॅस्टिकची गादी ठेवतात. दाताला टोपी बसवावी तसे हे काम आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता मानवी चिकाटीचे कौतुक वाटते. बर्लिनमधील शल्यविशारद ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंताचा बिजागरीसारखा गुडघा बसवून पाहिला. जंतुसंसर्गापुढे तो प्रयत्न टिकला नाही. आजच्या सांध्याचा पूर्वज न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात तयार झाला. तो घडविणाऱ्यांत डॉ. जॉन इन्सॉल यांच्याबरोबर भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्याच डॉ. राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये शस्त्रक्रिया केली. त्या वृत्तानंतर ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रातील घराघरांत चर्चेचा विषय झाली. दोन गुडघ्यांमध्ये सात-आठ महिन्यांचे अंतर होते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत की अंतराने, हे रुग्णाचे हृदय, फुप्फुसे आणि वय पाहून ठरते; शेजाऱ्यांनी काय केले यावरून नव्हे.

अलीकडे रोबोटच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी विचारणा होते. या यंत्राने हाडाचा छेद आखणीबरहुकूम घेता येतो. परंतु त्यामुळे रुग्णाच्या चालण्यात आणि वेदनेत कित्येक वर्षांनंतर मोठा फरक राहतो, हे अद्याप ठामपणे सिद्ध झालेले नाही. शस्त्रक्रियेचा अनुभव, शस्त्रक्रियागृहाची स्वच्छता आणि नंतरचा व्यायाम यांना आम्ही त्याहून अधिक महत्त्व देतो.

लाभ आणि मर्यादा

योग्य रुग्णाला पूर्ण गुडघेरोपणाने मिळणारा आराम मोठा आहे, याविषयी शंका नको. डेन्मार्कमधील १०० रुग्णांची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांवर गुडघेरोपण करून पुढे व्यायाम व इतर उपचार दिले, निम्म्यांना केवळ व्यायाम, आहार आणि औषधे यांचे उपचार दिले. वर्षाअखेर दोन्ही गट सुधारले. शस्त्रक्रियेचा गट बराच अधिक सुधारला, पण गंभीर गुंतागुंतीही त्याच गटात जास्त झाल्या. शस्त्रक्रियेविना राहिलेल्या ५० जणांपैकी वर्षभरात केवळ १३ जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली. या सर्वांना आरंभी शस्त्रक्रियायोग्यच ठरविले होते. शस्त्रक्रिया प्रभावी आहे आणि तरीही थांबून पाहण्यास बहुतेकांना वाव असतो, अशा दोन्ही गोष्टी या एकाच अभ्यासातून दिसतात.

सांधा किती वर्षे टिकतो? निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार सुमारे ८२ टक्के पूर्ण रोपणे आणि सुमारे ७० टक्के अर्धी रोपणे २५ वर्षे टिकतात. मात्र वय महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१७ मध्ये असे दिसले की, सत्तरीनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना आयुष्यात ती पुन्हा करावी लागते. पन्नाशीच्या आरंभी झालेल्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवर जाते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, खर्चिक आणि कमी खात्रीची असते.

धोकेही स्पष्ट सांगावयास हवेत. शंभरात सुमारे एका-दोघांना सांध्यात खोल जंतुसंसर्ग होतो आणि त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होऊ शकते. ती टाळण्यासाठी औषध देतात आणि लवकर चालवितात. आणि ज्याविषयी क्वचितच बोलले जाते ती गोष्ट अशी की, शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही सुमारे पाचांतील एका रुग्णाला काही ना काही वेदना दीर्घकाळ राहते.

नवा गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवर बसणे, जिना चढणे, देवळात जाणे, बाजारहाट करणे यांस तो पुरतो. मांडी घालून पंगतीला बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे किंवा शेतात खुरपणे बहुतेकांना जमत नाही आणि आम्ही त्याचा आग्रहही धरू देत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी हे ठाऊक नसेल, तर नंतर निराशा पदरी येते.

तीन रुग्ण, तीन निर्णय

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून, तीन रुग्णांविषयी लिहितो.

भाजी विकणाऱ्या एक मावशी मुलासोबत आल्या. एक्स-रे चौथ्या श्रेणीचा. मुलाने कर्जाची तयारी केली होती. मावशींना विचारले, तेव्हा कळले की रात्री झोप लागते, बाजारापर्यंत चालता येते. खरा त्रास जमिनीवर बसून उठताना होतो. त्यांना उंच स्टूल, काठी आणि व्यायाम दिला, वजनाचे लक्ष्य दिले. चार महिन्यांनी त्या म्हणाल्या, "आता वर्षभर तरी नको." त्यांची शस्त्रक्रिया कदाचित पुढे होईल, पण त्या दिवशी तिची गरज नव्हती आणि मुलाच्या डोक्यावर कर्जही चढले नाही.

दुसऱ्या एक आजी. त्यांनी भीतीपोटी कित्येक वर्षे काढली. आल्या तेव्हा गुडघा सरळ होत नव्हता, मांडी काटकुळी झाली होती आणि वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडावर परिणाम केला होता. घरच्या घरी भिंत धरून चालत. येथे शस्त्रक्रिया आवश्यक होती. पण एवढा उशीर झाल्याने ती अवघड गेली आणि सावरण्यास पुष्कळ काळ लागला. आज त्या नातीचा हात धरून देवळापर्यंत जातात. "आधी का नाही आले?" असे त्याच आम्हांला विचारतात.

तिसरा अनुभव सांगणे जड जाते, तरीही सांगतो. एक निवृत्त शिक्षक शेजाऱ्याच्या यशस्वी शस्त्रक्रियेमुळे उत्साहाने आले. झीज मध्यम होती. त्यांची निकड पाहून आम्ही होकार दिला आणि शस्त्रक्रिया विनाविघ्न पार पडली. परंतु वेदनेचा मोठा भाग कमरेतून येत होता, हे आम्ही पुरेसे तपासले नव्हते. गुरुजी आमच्यावर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "दुखणे आहे तेथेच आहे." त्या एका वाक्याने आमची पद्धत बदलली. तेव्हापासून आमच्याकडे पहिल्याच भेटीत गुडघेरोपणाची तारीख देत नाहीत. आधी किमान तीन महिने व्यायाम, खुब्याची आणि कमरेची तपासणी, आणि घरच्यांसह दुसरी भेट, असा क्रम ठरविला आहे. सांधा पार वाकडा झालेला किंवा रुग्ण अंथरुणास खिळलेला असेल, तेथे अर्थातच हा कालावधी लावीत नाही.

या तिघांवरून निर्णयाची कसोटी ध्यानात यावी. वेदना रात्रीची झोप मोडते, थोडे अंतर चालणेही जमत नाही, घराबाहेर पडणे थांबले आहे, मनापासून केलेल्या उपचारांना काही महिन्यांत गुण आलेला नाही आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेवरील झीज त्या त्रासाशी जुळते, अशी स्थिती असेल तेव्हा शस्त्रक्रियेस उशीर करू नये. यांपैकी काही नसेल, तर थांबण्याने बहुधा नुकसान होत नाही. गुडघा वेगाने वाकडा होत असेल किंवा सरळ होणे कमी होत असेल, तर मात्र दर सहा महिन्यांनी दाखवावे.

पूर्वतयारी आणि घर

शस्त्रक्रिया ठरल्यावर रक्तातील साखर आटोक्यात आणावी. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी साधारण आठच्या आत असावी, असा आमचा आग्रह असतो. दात किडलेले असल्यास, लघवीचा संसर्ग असल्यास किंवा पायाला जखम, भेगा, चिखल्या असल्यास आधी त्या बऱ्या कराव्यात, कारण तेथील जंतू नव्या सांध्यात जाऊ शकतात. तंबाखू, विडी आणि मिश्री किमान महिनाभर आधी बंद करावी. पुष्कळ आज्या मिश्रीला व्यसन मानीत नाहीत, म्हणून विचारल्यावर "मला कसलीच सवय नाही" असे सांगतात. तिच्यातील निकोटिनमुळे जखम भरण्यास अडथळा येतो.

घरी कमोडची सोय, पलंग, हाताची खुर्ची आणि न्हाणीघरात पकडण्यास दांडी असावी. सैल पायपुसणी उचलून ठेवावीत. रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभा राहतो. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, काठी सुटण्यास सहा आठवडे लागू शकतात आणि पूर्ण लाभ दिसण्यास वर्षही लागते. पहिले सहा आठवडे व्यायाम दुखतो. याच काळात घरच्यांची खरी कसोटी असते. "दुखतंय ना, राहू दे" असे मायेने म्हणणारी सून किंवा मुलगा नकळत गुडघा आखडण्यास हातभार लावतो.

खर्च

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रीय औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत तेव्हा करांखेरीज ५४,७२० रुपये ठरली. त्यापूर्वी त्याची सरासरी छापील किंमत दीड लाखाहून अधिक होती. मात्र ही किंमत केवळ सांध्याची आहे. शस्त्रक्रियागृह, भूल, औषधे, खोली आणि फिजिओथेरपी यांचा खर्च वेगळा असतो. म्हणून एकूण खर्चाचा लेखी अंदाज मागावा, आणि बसविलेल्या सांध्याचे स्टिकर आपल्या कागदपत्रांत लावून घ्यावे. पुढे कधी दुसरी शस्त्रक्रिया लागली, तर ते फार उपयोगी पडते.

आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत कायद्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात त्या योजनेत बसते, हे आधी विचारून घ्यावे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

पुढील प्रश्न कागदावर लिहून आणावेत. ते विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. आम्हांला तर ते आवडतात.

१. माझे दुखणे गुडघ्याचेच आहे का? खुबा आणि कंबर तपासली का?
२. शस्त्रक्रियेविना मी आणखी काय करू शकतो, आणि किती काळ?
३. मला कोणती शस्त्रक्रिया सुचविता, आणि इतर प्रकार का नकोत?
४. सहा महिने थांबलो, तर काय बिघडेल?
५. माझ्या इतर आजारांमुळे मला कोणता धोका अधिक आहे?
६. माझ्या रोजच्या कामांपैकी कोणते नंतर करता येईल आणि कोणते नाही?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचे उत्तर देण्यासाठी डॉक्टरांना आपले रोजचे जीवन ठाऊक असावे लागते, आणि ते आपणच सांगू शकता. मुलाने, सुनेने, जावयाने मदत करावी. परंतु "हो" किंवा "नाही" हा शब्द ज्याचा गुडघा आहे त्याच्या तोंडून यावा.

आमच्या त्या देणगीदारांना आम्ही हे सारे समजावून सांगितले. ते काही वेळ शांत बसले आणि म्हणाले, "म्हणजे ज्यांना तुम्ही परत पाठविले, त्यांच्यासाठीही काही करावयास हवे." त्यांच्या लेखी संमतीने शिल्लक निधीतील काही रक्कम आता फिजिओथेरपी, काठ्या, कमोडच्या खुर्च्या आणि उभ्याने काढावयाच्या एक्स-रेसाठी वापरली जाते; उरलेली रक्कम ज्यांना खरोखरच शस्त्रक्रिया हवी त्यांच्यासाठी राखीव आहे. मावशींचे स्टूल आणि आजींचा नवा गुडघा एकाच दानातून आले. दोन्हींची नोंद आमच्या वहीत सारख्याच आदराने केलेली आहे.